मॉरिशसमध्ये भाड्याची एमटीबी: आधी सायकल बघा, मग डोंगर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की जुलैमध्ये बायको आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आठवडाभर मॉरिशसला जाताय, हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला आहे, मधला दीड दिवस सायकलसाठी मागून घेतलाय, पुण्यात दर रविवारी हायब्रिडवर खडकवासला नाहीतर सिंहगड पायथा होतो, आणि आता तिथे माउंटन बाइक भाड्याने घेऊन ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्कमधला मॅकाबीच्या जंगलातून खाली येणारा उतार करायचाय कारण व्हिडिओ बघितलाय. करावा का?

उतार नको. सायकल मात्र नक्की घ्या.

मी चौदा वर्षं एमटीबी म्हणजे माउंटन बाइक चालवतोय, पुण्याच्या टेकड्यांवर नवीन लोकांना शिकवतो पण, आणि मॉरिशसला तीनदा गेलोय, तीनही वेळा सायकल भाड्याचीच. म्हणजे स्वतःची नेऊन बॉक्स पॅक करा, एअरलाइनला पैसे भरा, हॉटेलच्या खोलीत हँडलबार बसवत बसा आणि बायको समुद्रावर एकटी, हे मी केलेलं नाही आणि एका दिवसासाठी तुम्हीपण करू नका. पण भाड्याच्या सायकलचं एक आहे, की ती काय करू शकते हे तुम्हाला माहीत नसतं आणि दुकानदाराला पण नेमकं माहीत नसतं, आधीच्या माणसाने ती कुठे आपटली हे तर कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे रूट आधी ठरवून मग सायकल घ्यायची नाही, आधी हातात कुठली सायकल येते ते बघायचं आणि मग तिला झेपेल तो रूट करायचा. हे उलटं केलं की वाट लागते, माझी लागली होती.

पहिल्या वेळची गोष्ट. काही अवघड नव्हतं हो, उसाच्या मळ्यातला कच्चा रस्ता, थोडा उतार, समोर एक खड्डा. मी सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला, कारण आपल्याकडे डावा मागचा. त्या सायकलला डावा पुढचा होता. पुढचं चाक जागेवर थांबलं, मी थांबलो नाही. हनुवटीला चार टाके. चूक शंभर टक्के माझी, दुकानातून निघताना एकदा दाबून बघितला असता तर कळलं असतं, पण सुट्टीचा उत्साह होता ना. मॉरिशसमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात म्हणून आपण धरून चालतो की सायकल पण आपल्यासारखीच असणार, पण बऱ्याच सायकली युरोपातून आलेल्या असतात आणि तिकडे डावा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक. आपल्या मोटरसायकलवर पण उजव्या हातात पुढचा, म्हणजे वर्षानुवर्षांची सवय हाताला लागलेली, आणि घाबरल्यावर हात डोक्याला विचारत नाही. त्यामुळे सगळ्यात आधी हे. सायकल थोडी ढकलत एकेक लिव्हर दाबा, कुठलं चाक अडतं बघा. केबलचे ब्रेक असतील तर सांगा अदलाबदल करून द्या, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. हायड्रॉलिक असतील तर सहसा करून देत नाहीत, मग डाव्या लिव्हरवर रंगीत टेप चिकटवायची आणि पार्किंगमध्ये दहा मिनिटं मुद्दाम जोरात ब्रेक मारायचा सराव करायचा, पार्श्वभाग मागे नेऊन. हसतील लोक. हसू देत.

आता दुकानात अजून काय बघायचं. मी अर्धा तास घेतो आणि आधीच सांगतो की भाऊ मला अर्धा तास लागेल, म्हणजे त्याचा पण चेहरा वाकडा होत नाही. समुद्राकाठची सायकल म्हणजे खारी हवा, म्हणजे गंज. चेन वरून तेल लावून चकचकीत केलेली असते, तर पेडलजवळच्या दातेरी चाकावरची, म्हणजे चेनरिंगवरची चेन बोटाने पुढे ओढून बघा, दात पूर्ण दिसायला लागले तर चेन ताणलेली आहे, चढावर जोर लावला की घसरणार आणि तुमचा गुडघा हँडल धरणाऱ्या स्टेमवर. मग मागे उभं राहून गिअर बदलणाऱ्या डिरेलरकडे बघा, त्याची दोन छोटी चाकं आणि वरची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा, एका रेषेत पाहिजेत. वाकलेली दिसली तर डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय, म्हणजे ही सायकल उजव्या बाजूवर पडलेली आहे, आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकल्यावर डिरेलर स्पोकमध्ये जायची शक्यता आहे. ती सायकल घेऊच नका, सरळ दुसरी मागा. चाक उचलून फिरवा, डुगडुगतंय का. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवा, हेडसेटमधून, म्हणजे हँडल फ्रेममध्ये फिरतं तिथून, टकटक जाणवली तर घट्ट करून मागा. पुढच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके असतील तर सील गेलेलं असतंय, फोर्क दाबला तर जातो पण परत येताना विचार करून येतो, अशा सायकलवर खडकाळ उतार म्हणजे हात सुन्न. ब्रेक पॅड वरून डोकावून बघा, मटेरियल एक मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर बदलून मागा, कारण हिरव्या डोंगरातला लांब उतार आणि संपलेले पॅड ही जोडी चांगली नाही.

आणि हवा! हे कोणी सांगत नाही. भाड्याचे दुकानवाले पंक्चरच्या भीतीने टायरमध्ये पन्नास-साठ पीएसआय ठासून ठेवतात. रस्त्यावर मस्त पळते, मातीत गेलात की खड्यांवरून चेंडूसारखी उडते. तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल आणि ट्यूबवाले सव्वादोन इंची टायर असतील तर पुढे अठ्ठावीस-तीस, मागे तीस-बत्तीस ठेवा. यापेक्षा खाली जायचा मोह नको, कारण तिथला दगड म्हणजे आपलाच काळा बेसाल्ट आहे, धारदार, रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिरडली की सापाच्या दाताची दोन भोकं. गंमत म्हणजे हा दगड खरोखरच आपला भाऊबंद आहे. ज्या रियुनियन हॉटस्पॉटच्या लाव्हारसाने साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार आणि सह्याद्री घातला, त्याच हॉटस्पॉटने फार नंतर मॉरिशस बेट वर काढलं. त्यामुळे सिंहगडच्या पायवाटेवर पाय कसा टाकायचा हे ज्याला कळतं त्याला तिथला दगड अनोळखी वाटत नाही, फक्त त्यावर शेवाळ जास्त, आणि माती महाबळेश्वरसारखी तांबडी.

सोबत काय न्यायचं तर हेल्मेट स्वतःचं, यावर वाद नको. भाड्याचं हेल्मेट कितीदा आपटलंय माहीत नाही, वर दुसऱ्याचा घाम. ग्लव्हज, मल्टीटूल, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, चार झिप टाय, इलेक्ट्रॉलची पाकिटं. मल्टीटूल चेक-इन बॅगेत टाका. गॅसची कार्ट्रिज नेऊ नका, विमानतळावर कटकट. ट्यूब तिथेच मागून घ्या, कारण चाक सव्वीसचं, साडेसत्तावीसचं का एकोणतीसचं आणि व्हॉल्व्ह कुठला हे सायकल बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि पंपाचं तोंड त्या व्हॉल्व्हला बसतंय का ते दुकानातच बघा, जंगलात नाही. मी स्वतःची फ्लॅट पेडल्स पण नेतो, दुकानातली प्लास्टिकची पेडल्स ओली झाली की साबण. बदलताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून आटे खाल्लेत तर क्रँकचे पैसे तुमच्याकडून.

पैशाचं म्हणाल तर निघायच्या आधी दुकानदारासमोरच सायकलचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, ओरखडे, रिम, डिरेलर सगळं. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट देऊ नका, कॉपी द्या, रोख ठेवा. एकदा माझ्याकडून आधीच्याच ओरखड्याचे पैसे मागितले होते, व्हिडिओ दाखवल्यावर विषय दोन मिनिटांत संपला. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचं ते बारीक अक्षरातलं वाचा, बऱ्याच पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात आणि रस्त्यावरची सायकल चालते पण डोंगरातली चालत नाही असला प्रकार असतो. घेतानाच विचारून ईमेलवर उत्तर घ्या.

बरं आता कुठे जायचं. आधी मॅकाबी का नको ते सांगतो. पेत्रिनपासून, म्हणजे पार्कच्या माहिती केंद्रापासून, मॅकाबीच्या व्ह्यू पॉइंटपर्यंतचा रस्ता रुंद, कच्चा, बराचसा सपाट, जंगलातून, एकदम झकास, तो करा. पुढे तिथून खाली दरीत ब्लॅक रिव्हरकडे उतरणारी वाट वेगळी आहे, ती चालणाऱ्यांची वाट आहे, तीव्र उतार, पावसाने कापलेल्या नाळी, मुळं, ओले दगड. व्हिडिओत जो उतरतोय त्याच्याखाली दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी, स्वतःची सायकल आहे, सॅडल खाली घेणारा ड्रॉपर आहे, गुडघ्याला पॅड आहेत आणि त्याला त्याचा ब्रेक कुठला हे झोपेत माहीत आहे. तुमच्याकडे शंभर मिलिमीटरचा थकलेला फोर्क असणार. शिवाय गो प्रो लावलं की उतार सपाट दिसतो, हे ज्याने काढलंय त्यालाच माहीत. वर नॅशनल पार्क आहे, १९९४ साली जाहीर झालेलं, साडेसहा हजार हेक्टरच्या वर, बेटावरचं उरलंसुरलं मूळ जंगल तिथे आहे, त्यामुळे सायकल कुठल्या वाटेवर चालेल हे पेत्रिनच्या माहिती केंद्रात विचारूनच पुढे जायचं, नाही म्हणाले तर नाही.

तुमच्यासाठी माझा प्लॅन असा. तुम्ही तसंही गंगा तलावाला जाणार, प्रत्येक भारतीय जातो, ३३ मीटर उंच महादेवाची मूर्ती, फोटो वगैरे. त्या वाटेवरच पेत्रिनचा फाटा लागतो. टॅक्सी मोठी सांगा, सायकल मागे टाका, सकाळी लवकर निघा, तुम्हाला पेत्रिनला सोडून बायको आणि मुलगी गंगा तलावाला पुढे. तुम्ही मॅकाबीच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत जाऊन परत, घाई न करता. मग पेत्रिनहून डांबरी रस्त्याने प्लेन शाँपेनकडे. इथे थोडा चढ, बेटावरचा सगळ्यात उंच रस्ता, साधारण ७४० मीटर. बेटाचं सर्वोच्च शिखरच मुळात ८२८ मीटर आहे, म्हणजे आपण जवळजवळ छपरावरच. वाटेत अलेक्झांड्रा फॉल्स आणि गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट, तिथे माकडं आहेत, महाबळेश्वरच्या माकडांची सख्खी वाटतील अशी, केळं बाहेर काढू नका, बॅगेची चेन लावून ठेवा. मग खाली शामारेल गाव, सात रंगांची माती बघायची तर बघा, बेसाल्ट कुजून लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे रंग वेगळे होतात त्याचा तो खेळ आहे, मुलीला आवडेल, टॅक्सीवाल्यांना तिथेच भेटायला सांगा. आणि शामारेलहून किनाऱ्यावरच्या काझ न्वायालकडे वळणावळणाचा घाट, एकदम समोर समुद्र आणि ल मॉर्नचा खडक. चढ गाडीने आणि उतार सायकलने, यात कमीपणा काही नाही, सुट्टी आहे.

ज्यांचे पाय हे सगळं उलट्या दिशेने, म्हणजे काझ न्वायालहून शामारेलला चढून करू शकतात त्यांनी जरूर करावं, समुद्रसपाटीपासून सरळ चढ आहे, सिंहगड करणाऱ्याला जमेल, पण फ्लिक आँ फ्लाकहून तिथपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा मेन रोड मला नाही आवडत. अरुंद, शोल्डर नाही, बसवाले कान घासून जातात. तेवढा भाग गाडीनेच.

घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही, डिस्क तापते, पॅड गुळगुळीत होतात आणि मग लिव्हर दाबला तरी सायकल ऐकत नाही. वळणाच्या आधी दोन्ही जोरात, वळणात सोडायचे, परत पुढे. पेडल्स आडवी समान, वळणात मात्र बाहेरचं पाऊल खाली. जळका वास आला की थांबा, फोटो काढा, दहा मिनिटांनी निघा. डिस्कला हात लावू नका, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय.

हवामानाचं थोडं. जुलै म्हणजे तिकडे थंडी, उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि वादळं त्याच काळात, त्यामुळे वेळ चांगली निवडलीत. पण किनाऱ्यावर ऊन बघून फक्त टी-शर्टवर निघालात तर वर कुडकुडाल. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, मधल्या पठारावर ढग अडकतात, तिथल्या क्युरपीप गावाला भुरभुर आणि फ्लिक आँ फ्लाकला लख्ख ऊन हे रोजचं आहे, आणि वर चार-पाच डिग्रीने थंड. पातळ विंडचीटर पाठीवरच्या बॅगेत पाहिजेच. दुसरं म्हणजे अंधार. जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य जातो आणि उष्ण कटिबंधात संध्याकाळ रेंगाळत नाही, अर्ध्या तासात मिट्ट काळोख, जंगलात त्याच्याही आधी. मी तीन वाजता जंगलाच्या बाहेर असायचं असा नियम ठेवतो.

जंगलात विषारी सापांची भीती नाही, ही मोठी सोय. पण पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी झुडपात कमरेच्या उंचीवर असतात, मूश झोन म्हणतात तिथले लोक, हँडलबार घासला की संपलं. अरुंद वाटेवर झाडीत घुसू नका आणि ॲलर्जी असेल तर गोळ्या खिशात. दुसरं, हरणं. डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेली हरणं आता सगळीकडे आहेत आणि खाजगी रानांमध्ये थंडीच्या महिन्यांत त्यांची शिकार चालते, म्हणजे बरोबर तुम्ही जाल तेव्हा. गेट बंद दिसलं, शिकारीचा बोर्ड दिसला, तर उडी मारून पलीकडे जायचा पुणेरी आगाऊपणा करू नका. इथे गोळी खरी असते. काही इस्टेटींवर, खास करून दक्षिणेला बेल ऑम्ब्रच्या बाजूला, पैसे भरून गाइडबरोबर राइड करता येते, तुम्हाला खरंच सिंगल ट्रॅक, म्हणजे एकच सायकल मावेल अशी वाट, करायचा असेल तर उरलेल्या अर्ध्या दिवसात तो करा, गाइड तुमचं ब्रेकिंग बघून वाट निवडतो आणि सायकली पण बऱ्या असतात. कुठेही पडझड झाली तर ॲम्ब्युलन्सचा नंबर ११४, फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधी घेऊन ठेवा, तांबड्या मातीत सोललेला गुडघा लवकर चिघळतो.

मुलीला सोबत न्यायचं विचारलंय तुम्ही शेवटी, ते उसाच्या मळ्यात. फ्लिक आँ फ्लाकच्या मागे कास्कावेलच्या बाजूला कच्चे रस्ते आहेत, सपाट, सकाळी सुंदर. परवानगी विचारा, कारण बरेचसे इस्टेटीचे आहेत, सहसा हात हलवून जा म्हणतात. पण जुलैत तोडणी चालू असते, उसाचे अवजड ट्रक त्याच रस्त्यांवर, आणि न तोडलेला ऊस डोक्याच्या वर, कोपऱ्यावर पलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळे रविवारी जा, कोपऱ्यावर बेल वाजवा, मुलगी तुमच्या डाव्या हाताला. सगळे रस्ते सारखे दिसतात, हरवलात तर रांपार डोंगराचं टोक शोधा, ते दिसलं की दिशा लागते. शेतात मधेच काळ्या दगडांचे मोठेमोठे ढीग दिसतील, पिरॅमिडसारखे. ऊस लावायला जमीन साफ करताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले दगड आहेत ते, आणि १८३४ पासून भारतातून करारावर जे मजूर नेले त्यात आपल्या कोकणातले पण होते. त्यांची पोरंबाळं आज घरात क्रिओल बोलतात पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा तिथेच एका ढिगाजवळ मी पंक्चर काढत बसलो होतो, कोयता घेऊन एक आजोबा आले, फ्रेंच, क्रिओल, हिंदी असं सगळं करून शेवटी मी पुण्याचा म्हटल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले "मी मराठी". पुढचं मराठी आम्हा दोघांना एकमेकांचं फारसं कळलं नाही. मग त्यांनी ट्यूब धरली आणि मी पंप मारला.

बायको सायकल फारशी चालवत नसेल तर तिला ई-बाइक घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळते, म्हणजे चढावर ती तुमची वाट बघेल आणि तुम्ही तिची नाही, घरात शांतता राहते. फक्त ती वीस-पंचवीस किलोची असते, पायऱ्यांवरून उचलायचं काम तुमच्याकडे येणार हे धरून चाला. मुलीची सायकल मात्र आधी फोन करून विचारा, चोवीस इंची चाकाची, कारण लहान मुलांच्या सायकली दुकानात एक-दोनच असतात आणि रविवारी त्या आधीच गेलेल्या असतात. परत येताना रस्त्यावर ढॉल पुरी मिळेल, डाळीचं सारण घातलेली मऊ पातळ पोळी, जोडीने देतात, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी. राइडनंतर चार खाल्ल्या होत्या मी. मिरचीची चटणी तुमच्यासाठी मागा, मुलीच्या पुरीत नको म्हणून आधीच सांगा, ते न विचारता लावतात.